‘तीनच आकार जुळतात’ हे अर्धेच खरे

प्रति,
संपादक,

विषय : आकारांचे कोन आणि फरसबंदी, याबद्दल छापून येणारे एक अपुरे विधान

महोदय,

मधमाशीच्या पोळ्यावर लेख आला की त्यात एक वाक्य हमखास सापडते : ‘त्रिकोण, चौरस आणि षटकोन हे तीनच आकार मध्ये फट न ठेवता एकमेकांना जुळतात.’ मुलांच्या पुरवण्यांत, विज्ञान प्रदर्शनांच्या तक्त्यांवर, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हे वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे फिरते आहे. फिरता फिरता त्यातला ‘सुसम’ हा शब्द गळून पडला आणि विधान खोटे झाले. सुसम म्हणजे ज्याच्या सगळ्या बाजू सारख्या आणि सगळे कोनही सारखे. असे सुसम बहुभुज, आणि तेही एकाच प्रकारचे, कोपऱ्याला कोपरा लावून वापरायचे ठरवले तर उत्तर तीन येते. या अटी काढल्या की जुळणाऱ्या आकारांना अंत नाही. दुसऱ्या बाजूने, ‘कोनांची बेरीज ३६० आली की आकार जुळलाच’ असेही सर्रास लिहिले जाते. तेही खरे नाही. या दोन्ही चुका मुलांच्या डोक्यात पक्क्या बसतात म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहिते आहे.

मूळ गोष्ट सोपी आहे. जमिनीवर एक ठिपका काढा. त्याच्याभोवती एक पूर्ण फेरा म्हणजे ३६० अंश. त्या ठिपक्याशी जेवढे कोपरे येतील त्यांच्या कोनांची बेरीज ३६० भरली पाहिजे. कमी भरली तर फट राहते, जास्त झाली तर एक तुकडा दुसऱ्यावर चढतो. सुसम बहुभुजाचा कोन काढायला सूत्र पाठ करावे लागत नाही. आकाराच्या कडेकडेने एक फेरी मारली तर आपण एकूण ३६० अंशांतून वळतो. पंचकोनाला पाच वळणे, म्हणून प्रत्येक वळण ७२ अंशांचे आणि आतला कोन १८० वजा ७२, म्हणजे १०८. याच हिशेबाने त्रिकोण ६०, चौरस ९०, षटकोन १२०, सप्तकोन १२८ पूर्णांक चार सप्तमांश, अष्टकोन १३५. आता ३६० ला भागा. ६० सहा वेळा जातो, ९० चार वेळा, १२० तीन वेळा. १०८ तीन वेळा घेतला तर ३२४ होतात आणि ३६ अंश उरतात, चौथा घेतला तर ४३२. सप्तकोनापासून पुढे तर तीन कोपरेही मावत नाहीत आणि दोन ठेवले तर फट राहते. म्हणून यादी षटकोनापाशी संपते.

ते उरलेले ३६ अंश किरकोळ नव्हेत. १० सेंटिमीटर बाजूचे तीन पंचकोन एका बिंदूशी लावले तर फटीचे तोंड ६.२ सेंटिमीटर उघडे राहते. मुलांना हे सांगण्यापेक्षा करायला द्यावे. कागदाची सारख्या रुंदीची पट्टी घेऊन तिची सैल गाठ मारायची, हलक्या हाताने ओढत सपाट दाबायची आणि बाहेरची टोके दुमडायची. सुसम पंचकोन तयार होतो, कोनमापक लागत नाही. असे तीन पंचकोन जवळ ठेवले की फट समोर दिसते.

आता ‘सुसम’ ही अट काढू. कोणताही त्रिकोण जुळतो. विषमभुज असो, विशालकोन असो, अगदी काटकुळा असो. शाळेत कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवतात आणि सरळ रेघ होते असे दाखवतात. तिथेच धडा संपतो, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. तीन कोपऱ्यांनी १८० होत असतील तर सहा कोपऱ्यांनी, म्हणजे प्रत्येक कोन दोनदा घेऊन, ३६० होणारच. त्रिकोणाची दुसरी प्रत अर्ध्या फेऱ्याने फिरवून एका बाजूला लावली की समांतरभुज चौकोन होतो. समांतरभुज चौकोनांच्या रांगा लावणे कुणालाही जमते.

चौकोनाचे तर याहून नवल आहे. कोणताही चौकोन जुळतो. समांतर बाजू नकोत, सारख्या बाजू नकोत, काटकोन नको. कारण पुन्हा तेच : चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६० असते. म्हणजे एका बिंदूशी त्याचे चारही वेगवेगळे कोपरे एकेकदा आणले की फेरा पूर्ण. प्रश्न उरतो तो ते आणायचे कसे याचा, आणि नेमकी हीच कृती कुठे छापलेली दिसत नाही.

वहीच्या मागचा जाड पुठ्ठा घ्या. अब ही ५ सेंटिमीटरची रेघ काढा. अ जवळ ८० अंशांचा कोन करून अड ४ सेंटिमीटर घ्या, ब जवळ ११० अंशांचा कोन करून बक ३ सेंटिमीटर घ्या, दोन्ही रेघेच्या एकाच अंगाला. क आणि ड जोडा. ती बाजू साधारण ५.४ सेंटिमीटर भरेल, ड चा कोन साधारण ८८ आणि क चा ८२ अंश. मुद्दाम असा निवडला आहे की चारही बाजू वेगळ्या आणि एकही जोडी समांतर नाही. कात्रीने कापून कोपऱ्यांवर आतल्या बाजूने अ, ब, क, ड लिहा, आणि फक्त एकाच तोंडावर लिहा. हा साचा. मोठ्या कागदाच्या मध्यावर तो ठेवून कडेने टोकदार पेन्सिल फिरवा आणि कोपऱ्यांची अक्षरे कागदावरही उतरवा. आता अब बाजूशी दुसरी प्रत लावायची आहे. साचा न उलटता कागदावरच अर्धा फेरा फिरवा, आणि साच्याचा अ कागदावरच्या ब वर, साच्याचा ब कागदावरच्या अ वर येईल असा ठेवा. काढा. बक, कड आणि डअ या बाजूंशीही तसेच. प्रत्येक वेळी टोकांची अदलाबदल. आठ-दहा प्रती झाल्या की कुठल्याही भरलेल्या बिंदूभोवती पाहा : अ, ब, क, ड चारही अक्षरे एकेकदा आलेली असतील.

बिघडते ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी. पहिले, साचा पालथा पडतो. मग बाजू जुळते, पण अ च्या शेजारी अ येतो आणि ब च्या शेजारी ब. म्हणजे त्या बिंदूशी ८० आणि ८० झाले, आणि उरलेल्या २०० मध्ये चौकोनाचे कोपरे नीट बसत नाहीत. म्हणूनच अक्षरे एका तोंडावर लिहायची. अक्षर दिसेनासे झाले की साचा उलटला हे लगेच कळते. दुसरे, पेन्सिलीची रेघ. साच्याच्या कडेबाहेर रेघ अर्धा मिलिमीटर पडते. पुढची प्रत रेघेच्या बाहेर ठेवत गेले तर दहा-बारा प्रतींनंतर जुळणी उघडच सरकलेली दिसते आणि मुलांना वाटते नियमच चुकला. साच्याची कड नेहमी आधीच्या रेघेच्या मधोमध ठेवावी. पेन्सिलीला दर दोन-तीन प्रतींनंतर टोक करावे.

याच कृतीत एक फार उपयोगी गोष्ट दडलेली आहे. ८० ऐवजी ८२ अंश काढले गेले म्हणून काय होते? काहीच नाही. एक कोन वाढला की उरलेले तिघे मिळून तेवढेच घटतात, बेरीज ३६० च राहते. त्रिकोण आणि चौकोन चूक पोटात घालतात, अट एवढीच की सगळ्या प्रती एकाच साच्याच्या हव्यात. सुसम षटकोनाचे तसे नाही. त्याच्या सहा कोनांची बेरीज ७२०, आणि बिंदूशी येतात फक्त तीन. एका कोपऱ्याशी आलेल्या तिन्ही कोनांत एकेक अंश कमी पडला तर ३ अंशांची फट राहते. १० सेंटिमीटर बाजूला तिचे तोंड ५ मिलिमीटरचे. दुसऱ्या कोपऱ्यात तेवढेच ओझे वाढलेले असते आणि तिथे तुकडा चढतो. म्हणून शाळेत षटकोन कोनमापकाने काढू नयेत. कंपासने वर्तुळ काढावे, तीच त्रिज्या परिघावर सहा वेळा टाकावी. षटकोन सुसम नसेल तर तो जुळतोच असे नाही. मात्र समोरासमोरच्या बाजूंची एक जोडी समान आणि समांतर असेल तर बहिर्वक्र, म्हणजे एकही कोपरा आत न वळलेला, षटकोन जुळतो, बाकीचे कोन कसेही असोत.

गवंडीकामात हे सगळे रोज वापरले जाते, फक्त त्याला भूमिती म्हणत नाहीत. कोपरे छाटलेल्या मोठ्या लाद्या आणि मध्ये लहान चौकोनी लादी, ही जुन्या घरांतली नक्षी घ्या. छाटलेली लादी म्हणजे अष्टकोन. दोन अष्टकोनांचे १३५ आणि १३५, चौरसाचे ९०, बरोबर ३६०. इथे अष्टकोन सुसम असावाच लागत नाही. ३० सेंटिमीटरच्या लादीचे चारही कोपरे दोन्ही कडांवर ५ सेंटिमीटर मोजून छाटले तर चार बाजू २० सेंटिमीटरच्या आणि चार बाजू ७.०७ सेंटिमीटरच्या होतात. कोन मात्र सगळे १३५ च राहतात, कारण छेद ४५ अंशांत घेतला आहे. जुळणी कोनांनी ठरली, लांबी नंतर आली. चूक होते ती लहान लादी मागवताना. छाट ५ सेंटिमीटरची म्हणून ५ ची लादी मागवली जाते. लागते ती छेदाच्या लांबीएवढी, म्हणजे ७.०७, आणि त्यातून सांध्यासाठी ठेवायची जागा वजा. ५ ची आणली तर चारही बाजूंना सेंटिमीटरभर सिमेंट भरावे लागते आणि तेच आधी उखडते.

कोपऱ्याला कोपरा लागलाच पाहिजे, असेही नाही. विटांच्या भिंतीत किंवा लाद्यांची रांग अर्ध्याने सरकवून बसवली की दोन कोपरे तिसऱ्या लादीच्या सरळ कडेवर येतात. सरळ कड म्हणजे १८० अंश. ९० आणि ९० आणि १८०. फेरा पूर्णच आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत हा प्रकार जवळजवळ नसतोच, आणि मुलांना विटांची भिंत फरसबंदीत धरायची की नाही असा प्रश्न पडतो. धरायची.

खोली गुण्यात नसली, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नसले, की काय होते हेही कोनांचेच उदाहरण. कोपऱ्यात अर्ध्या अंशाचा फरक असेल तर ३ मीटर भिंतीला तो २.६ सेंटिमीटरचा होतो. लाद्या आपापसांत नीटच बसतात, कारण त्यांचे काटकोन पक्के आहेत. भिंतीलगतची शेवटची रांग मात्र पाचरीसारखी कापावी लागते. म्हणून लादी लावण्याआधी कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करून तिरके अंतर ५ फूट भरते का ते पाहतात.

आता दुसऱ्या गैरसमजाकडे येते. ‘बेरीज ३६० आली म्हणजे जमले.’ ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. सुसम पंचकोन आणि सुसम दशकोन घ्या, दोघांची बाजू सारखी. पंचकोनाचा कोन १०८, दशकोनाचा १४४. दोन पंचकोन आणि एक दशकोन मिळून १०८ अधिक १०८ अधिक १४४, बरोबर ३६०. कागदावर उत्तर झकास. करायला बसलात तर सुरुवातही झकास होते. मध्ये दशकोन ठेवा, त्याच्या दहा बाजूंना दहा पंचकोन लावा. शेजारचे पंचकोन एकमेकांना अचूक चिकटतात आणि दहा जणांचे कडे बंद होते. वर्गात इथे हमखास ‘झाले!’ असा गलका होतो. आता बाहेरच्या कडेला बघा. दर दोन पंचकोनांमध्ये एक खाच आहे, तिचा कोन ३६० वजा २१६, म्हणजे १४४. त्यात दशकोन बसतो, दुसरे काही बसत नाही. शेजारच्या खाचेतही दशकोनच. पण या दोन खाचांच्या मध्ये पंचकोनाचे टोक आहे. त्या टोकाशी पंचकोनाचे १०८ आणि दोन्ही दशकोनांचे १४४ व १४४, एकूण ३९६. ३६ अंश जास्त. दशकोन एकमेकांवर चढतात आणि काम थांबते.

कारण एका ओळीत सांगता येते. पंचकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याशी एक पंचकोन आणि एक दशकोन शेजारी हवा, म्हणजे त्याच्या बाजूंना आळीपाळीने पंचकोन, दशकोन, पंचकोन, दशकोन असे शेजारी यायला हवेत. बाजू पाच. विषम संख्येत आळीपाळी पूर्ण होत नाही, पहिल्या आणि शेवटच्या बाजूला एकच शेजारी येतो. याच कारणाने त्रिकोण, सप्तकोन आणि ४२ बाजूंचा बहुभुज हे त्रिकूट फसते. त्यांच्या कोनांची बेरीजही काटेकोर ३६० आहे, पण त्रिकोणाला बाजू तीन. चौरस, पंचकोन आणि २० बाजूंचा बहुभुज (९०, १०८, १६२) यांचेही तेच. एक त्रिकोण आणि दोन द्वादशकोन मात्र जमतात, कारण त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना द्वादशकोनच हवा असतो, आळीपाळीचा प्रश्नच येत नाही.

सुसम बहुभुज एका बिंदूभोवती नेमके ३६० भरतील अशा निवडी १७ आहेत. त्यांतून प्रत्येक बिंदूशी अगदी एकसारखी जुळणी असलेल्या, सगळे पटांगण भरणाऱ्या फरसबंद्या होतात फक्त ११. केप्लरने १६१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अकरा दिल्या आहेत. ग्रहांच्या कक्षांचा तिसरा नियमही त्याच ग्रंथात आहे. अकरांपैकी तीन म्हणजे आपले नेहमीचे त्रिकोण, चौरस, षटकोन. उरलेल्या आठांत दोन किंवा तीन प्रकारचे आकार मिसळलेले असतात. त्यांतल्या दोन-तीन जरी पुरवणीत चित्रासह छापल्या तरी मुलांना ‘तीनच’ या शब्दाची मर्यादा कळेल.

पंचकोनाला आपण फार लवकर निकालात काढतो. सुसम पंचकोन जुळत नाही, हे खरे. पण लहान मूल घराचे चित्र काढते, चौकोन आणि वर छप्पर, तो पंचकोन जुळतो. ज्या बहिर्वक्र पंचकोनात दोन बाजू समांतर आहेत तो प्रत्येक जुळतो. त्याहून देखणा एक आहे. ७.३ सेंटिमीटर पाया घ्या, दोन्ही टोकांशी १२० अंश करून १० सेंटिमीटरच्या बाजू काढा, तिथे काटकोन करून आतल्या अंगाला पुन्हा १० सेंटिमीटर. शेवटच्या दोन बाजू वर १२० अंशांत भेटतात. काही बिंदूंशी चार काटकोन येतात, काहींशी १२० चे तीन कोन. कैरोतल्या रस्त्यांवर अशा पंचकोनी लाद्या असल्यामुळे या जुळणीला त्या शहराचेच नाव मिळाले आहे.

बहिर्वक्र पंचकोनांची पूर्ण यादी करायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. कार्ल राइनहार्टने १९१८ मध्ये पाच प्रकार दिले. १९६८ मध्ये रिचर्ड कर्शनरने आणखी तीन दिले आणि यादी संपली असे जाहीर केले. ती संपली नव्हती. १९७५ मध्ये रिचर्ड जेम्सने एक शोधला. त्याविषयी मासिकात वाचून सॅन डिएगोच्या मार्जोरी राइस या गृहिणीने, शाळेपुरतेच गणित शिकलेल्या बाईने, स्वतःची खुणांची पद्धत तयार केली आणि पुढच्या दोनेक वर्षांत चार नवे प्रकार काढले. १९८५ मध्ये रोल्फ श्टाइनने चौदावा आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तिघांनी संगणकाच्या मदतीने पंधरावा. पंधरांवर यादी संपते याची सिद्धता मिशेल राव यांनी २०१७ मध्ये मांडली. हा इतिहास मुलींपुढे यायलाच हवा असे मला फार वाटते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकृत्या काढून तज्ज्ञांची ‘पूर्ण’ यादी अपुरी ठरवता येते, ही गोष्ट कुठल्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा जास्त काम करते.

बहिर्वक्र षटकोनांचे जुळणारे प्रकार तीन. सात किंवा अधिक बाजूंचा एकही बहिर्वक्र आकार एकटा जुळत नाही, आणि त्याचे कारण आठवीच्या मुलाला कळेल असे आहे. सप्तकोन कसाही असो, त्याच्या कोनांची सरासरी १२८ पेक्षा जास्त असते. पण बिंदूशी निदान तीन कोपरे भेटतात, म्हणजे तिथली सरासरी १२० च्या वर जाऊ शकत नाही. कोपरे दुसऱ्याच्या सरळ कडेवर आले तर ती आणखी खाली येते. दोन्ही सरासऱ्यांचा मेळ बसत नाही. आत वळलेले कोपरे, म्हणजे १८० पेक्षा मोठे कोन चालवून घेतले तर मात्र कितीही बाजू चालतात. रस्त्यावरचा नागमोडी कडांचा पेव्हर ब्लॉक त्याच जातीचा. मूळ आयताच्या एका कडेतून जेवढे आणि जसे काढले तेवढेच समोरच्या कडेला जोडले आहे. डेव्हिड स्मिथ यांनी शोधलेला आणि २०२३ मध्ये तिघा सहकाऱ्यांसह जाहीर केलेला ‘टोपी’ हा आकारही असाच, १३ बाजूंचा. षटकोनाच्या मध्यापासून बाजूंच्या मध्यबिंदूंपर्यंत रेघा काढल्या की सहा पतंग होतात. तसे आठ पतंग जोडून ही टोपी बनते. ती सगळे पटांगण भरते, पण तिची नक्षी सरकवून पुन्हा स्वतःवर तंतोतंत बसवता येत नाही.

मराठी घरात या विषयाचे सर्वांत जवळचे साधन म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. रांगोळीच्या वहीत ‘१३ ते ७’ असे लिहिलेले असते. मधल्या ओळीत १३ ठिपके, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत ७ पर्यंत, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या दोघांच्या मध्ये. बाहेरची कड जोडली की प्रत्येक बाजूला सात ठिपक्यांचा षटकोन होतो, आत एकूण १२७ ठिपके. हीच त्रिकोणांची फरसबंदी. ओळीला ओळ सरळ खाली घातली तर ती चौरसांची. षटकोन सुसम यायला ठिपक्यांत २ सेंटिमीटर अंतर असेल तर ओळींत १.७३ सेंटिमीटर हवे. अंदाजाने घालताना ओळींतही २ च ठेवले जातात. मग त्रिकोणाचे कोन ६०-६०-६० ऐवजी साधारण ६३, ६३ आणि ५३ होतात, कमळ थोडे उभट दिसते. पण नक्षी तुटत नाही, कारण कोणताही त्रिकोण जुळतो! पाच पाकळ्यांचे फूल मात्र ठिपक्यांवर बेतता येत नाही. कोणत्याही सारख्या जाळीत सुसम पंचकोनाचे पाचही कोपरे ठिपक्यांवर येत नाहीत. तो १०८ चा कोन इथेही आडवा येतो.

सपाट जमिनीवर जी फट दोष ठरते तीच वाकवली की कामाला येते, एवढे एक जाता जाता. जुन्या पद्धतीच्या ३२ तुकड्यांच्या फुटबॉलमध्ये प्रत्येक कोपऱ्याशी एक पंचकोन आणि दोन षटकोन येतात, १०८, १२० आणि १२०, म्हणजे ३४८. उरलेली १२ अंशांची फट ओढून शिवली की चामडे फुगीर होते. असे कोपरे ६० आहेत. ६० गुणिले १२ म्हणजे ७२०. घनाच्या आठ कोपऱ्यांशी प्रत्येकी ९० ची फट, तीही ७२०.

मधमाशीचेही नीट सांगायला हवे. षटकोन ‘जुळतो’ म्हणून पोळे षटकोनी, हे अपुरे कारण आहे, कारण त्रिकोण आणि चौरसही जुळतातच. फरक मेणाचा आहे. १ चौरस सेंटिमीटर जागा वेढायला त्रिकोणाला ४.५६ सेंटिमीटर कड लागते, चौरसाला ४, षटकोनाला ३.७२. वर्तुळाला त्याहून कमी, ३.५४, पण वर्तुळे दाटीने रचली तरी नऊ टक्क्यांहून जास्त जागा फटींत जाते. सारख्या क्षेत्रफळाच्या घरांत पटांगण वाटताना षटकोनांपेक्षा कमी भिंतीत भागत नाही, याची सिद्धता टॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये दिली.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. हे वाक्य पुढे कधी छापले जाईल तेव्हा ‘एकाच प्रकारचे सुसम बहुभुज कोपऱ्याला कोपरा लावून’ एवढे शब्द त्यात असावेत. आणि मुलांच्या पुरवणीत एकदा वर दिलेल्या मापांचा अबकड चौकोन प्रत्यक्ष आकारात, कोपऱ्यांवर अक्षरांसह छापावा, कापून पुठ्ठ्यावर चिकटवता येईल असा. कागदाच्या मागच्या बाजूला त्या जागी मोठ्या टाइपात ‘उलटा’ हा शब्द येऊ द्यावा. बिन पुठ्ठ्याचा वापरणाऱ्यांनाही साचा पालथा पडला तर तो लगेच दिसेल.

आपली,
गणिताची एक शिक्षिका,
सातारा